व्याह्यांचे खापरपणजोबा

स्वीडनमध्ये माणूस निवृत्त झाला की तीनपैकी एक उद्योग सुरू करतो. होडीला रंग देतो, उन्हाळी घराचं छप्पर दुरुस्त करतो, नाहीतर पूर्वज शोधायला घेतो. होडी कधीतरी रंगवून होते, छप्परही गळायचं थांबतं. पूर्वजांचं तसं नाही. एक सापडला की त्याचे आईवडील शोधायचे, म्हणजे एकाचे दोन झाले. ते सापडले की दोनाचे चार. काम जितकं उरकावं तितकं दुप्पट होणारा हा जगातला एकमेव छंद असावा. आमच्या व्याह्यांनी नेमका हाच धरला.

व्याही म्हणजे लेकीचे सासरे. मुक्काम गोथेनबर्ग. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडिश लोकांनी अहोजाहो मोडीत काढलं, त्यामुळे तिथे कुणीही कुणालाही नावाने एकेरी हाक मारतं. माझी जीभ काही रेटत नाही. मुलीच्या सासऱ्याला मी 'व्याहीबुवा' म्हणतो. हे आपलं मराठी नाव आहे अशी त्यांची समजूत झाली असून दिवाळीच्या शुभेच्छापत्राखाली ते तशी सहीही करतात. माणूस इतका सज्जन की व्याही म्हणून अपुराच वाटतो. मानपानाची अपेक्षा नाही, रुसणं नाही, फुगणं नाही. लग्नात फेटा बांधला तो त्यांनी विमानतळावरच उतरवला, तोही सुरक्षा तपासणीवाल्यांनी सांगितलं म्हणून.

तर हे व्याहीबुवा आपल्या खापरपणजोबांच्या मागे लागले. खापरपणजोबा एकोणिसाव्या शतकात व्यापारी जहाजावर होते एवढं नक्की. बाकीचं घरात चालत आलेलं पुराण असं की ते कप्तान होते, केप हॉर्नच्या वादळात जहाजासकट बुडाले आणि शेवटच्या क्षणापर्यंत त्यांनी सुकाणू सोडलं नाही. हे पाहिलं कुणी, असं विचारायचं नसतं. स्वीडिश घराघरांतल्या आठवणींवर विश्वास ठेवायचा तर केप हॉर्नला पाण्यापेक्षा कप्तान जास्त असायला हवेत. पुराव्यादाखल व्याह्यांकडे एक पितळी बटण आहे. कप्तानाच्या कोटाचं.

खापरपणजोबांचं नाव मी इथे देत नाही, कारण देऊन उपयोग नाही. आंदेर्स नावाच्या माणसाचा मुलगा म्हणून आंदेर्सन, संपलं. त्या काळी खेड्यापाड्यांत कायमचं आडनाव नसेच. बापाच्या नावाला 'सन' जोडायचं, मुलगी असली तर 'दोत्तेर'. योहानचा मुलगा पेटेर तो पेटेर योहान्सन, त्याचा मुलगा आंदेर्स पेटेर्सन आणि त्याची मुलगी आंदेर्सदोत्तेर. पिढी बदलली की पाटी बदलली. लग्न झालं तरी बाईचं नाव तेच. ती मरेपर्यंत बापाचीच मुलगी. शेजारच्या घरातही हीच नावं, नात्याचा काडीचा संबंध नसताना. मग १९०१ साली सरकारने सांगितलं की पुरे झालं, आता प्रत्येक घराने एक आडनाव धरावं आणि पुढे तेच चालवावं. ज्याच्या हाताशी जे होतं ते त्याने धरलं. व्याह्यांच्या पणजोबांनी बापाच्या नावाला 'सन' लावून जे मिरवलं तेच आज व्याह्यांच्या दारावर आहे. म्हणजे त्यांच्या दारावरच्या पाटीत खापरपणजोबा स्वतः बसलेले आहेत. हे लक्षात ठेवा.

लष्कराला या आंदेर्सन मंडळींचा फार त्रास झाला होता. 'आंदेर्सन, पुढे हो' म्हटलं की अर्धी तुकडी पुढे यायची. म्हणून सैनिकांना आखूड, ओरडायला सोपी नावं वाटण्यात आली. कुणी 'चपळ', कुणी 'शूर', कुणी 'तलवार', कुणी 'ढाल'. ज्याचा पूर्वज सैनिक तो शोधकर्ता सुखी. 'ढाल' नावाची माणसं गावात कितीशी असणार? व्यापारी जहाजांवर मात्र ही चैन नव्हती. तिथे कप्तानही आंदेर्सन, सुतारही आंदेर्सन आणि बुडाला तोही आंदेर्सन.

अशा वेळी स्वीडिश माणूस पाद्रीबुवांकडे जातो. जिवंत नव्हे, वहीतल्या. १६८६ च्या चर्च कायद्याने तिथल्या पाद्र्यांवर एक जबाबदारी टाकली होती : गावातल्या प्रत्येक घरातल्या माणसांची धर्मज्ञानाची परीक्षा घ्यायची आणि नोंद ठेवायची. वाचता येतं का, ल्यूथरची प्रश्नोत्तरं पाठ आहेत का, पाठ असतील तर समजली आहेत का. प्रत्येकाला रकाना, प्रत्येक रकान्यात खुणा. आजीबाईंनाही गुण, गड्यालाही गुण. यामुळे सगळा देश वाचायला शिकला. लिहायला शिकवण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे लिहिण्याचं काम पाद्र्यापाशीच राहिलं आणि त्याने ते मनापासून केलं. कोण कुठून आलं, कुठे गेलं, देवीची लस टोचली की नाही, पोर लग्नाआधीचं की नंतरचं, सगळं त्या वहीत आहे. माणूस मेला किंवा गाव सोडून गेला की नावावर काट. एका वहीत पाचदहा वर्षं मावतात, आणि जुनी पानं उघडली की अर्धं गाव खोडलेलं दिसतं.

ही पानं आता संगणकावर बघता येतात. स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ती २०१८ पासून फुकट खुली केली. याचा त्या देशातल्या निवृत्तांच्या झोपेवर काय परिणाम झाला हे विहीणबाईंना विचारावं. रात्री दोन वाजता व्याहीबुवांच्या खोलीत दिवा असतो आणि आतून आवाज येतो, "हा एम आहे की डब्ल्यू?"

शिवाय तारखांचा घोळ. जुन्या वह्यांत तारीख नसतेच, 'त्रिमूर्तीच्या सणानंतरचा चौथा रविवार' असं असतं. आणि एकदा तर स्वीडनमध्ये ३० फेब्रुवारी उजाडला होता. ही थाप नाही. युरोपभर नवी दिनदर्शिका आली तेव्हा स्वीडनने ठरवलं की आपण एकदम उडी मारायची नाही, लीप वर्षाचा एकेक दिवस गाळत चाळीस वर्षांत सावकाश पोहोचायचं. १७०० साली पहिला दिवस गाळला. पुढे युद्ध लागलं आणि १७०४ व १७०८ साली गाळायचं राहून गेलं. आता देश ना जुन्या तारखेत ना नव्या. शेवटी राजाने वैतागून मागे फिरायचं ठरवलं आणि १७१२ च्या फेब्रुवारीला तीस दिवस दिले. नव्या दिनदर्शिकेत ते गेले १७५३ साली, १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च करून. म्हणजे शेवटी उडीच मारली. जेवणाच्या टेबलावर पाहुणा नवा असला की व्याहीबुवा ही गोष्ट सांगतात. पाहुणा जुना असला तरी सांगतात.

त्यांच्या या वह्या बघून मी आमच्या त्र्यंबकेश्वराचा विषय काढला. तिथे गाव आणि आडनाव सांगितलं की तीर्थोपाध्याय बाड उघडतात आणि आजोबांच्या आजोबांनी केव्हा येऊन कुणाचं श्राद्ध केलं ते वाचून दाखवतात. व्याहीबुवा हेवा वाटून म्हणाले, "आणि जे यात्रेला आलेच नाहीत ते कुठे सापडतात?"

"ते सापडत नाहीत," मी म्हणालो. "आणि जे समुद्र ओलांडून गेले त्यांना आम्ही शोधत नसू. वाळीत टाकत असू."

खापरपणजोबांचं गाव ऊरुस्त बेटावर, बोहूसलेन प्रांतात, पश्चिम किनाऱ्याला. तिथल्या पाद्र्याच्या वहीत ते सापडले. जन्म १८३६. लस टोचलेली. लहानपणी वाचन बरं, प्रश्नोत्तरं जेमतेम. वयात आल्यानंतर परीक्षेचे रकाने कोरे आणि बाजूला शेरा : समुद्रावर. पुढच्या वहीत पुन्हा तेच : समुद्रावर. बरोबर खापरपणजी, तिला मात्र दरवेळी गुण. कारण ती घरी होती.

समुद्रावरच्या माणसासाठी वेगळं दफ्तर आहे. १७४८ साली परदेशाशी व्यापार करणाऱ्या बंदरांत खलाशीघरं उघडली. 'घर' म्हटलं तरी तिथे झोपायची सोय नव्हती, ती कचेरी होती. जहाजावर जाणाऱ्याने तिथे नाव नोंदवायचं, नंबर घ्यायचा. जहाजावर चढला की नोंद, उतरला की नोंद. पगारातून वर्गणी कापायची आणि त्यातून म्हाताऱ्या खलाशांना, विधवांना, पोरक्या मुलांना मदत द्यायची. नोंदणी, वसुली, तंटे आणि म्हातारपणाची पुंजी, सगळं एका छपराखाली. ही घरं थेट १९६१ पर्यंत चालली. बंद करताना कुणीही कागद रद्दीत घातले नाहीत. हे वाक्य मी मुंबईत एका नातेवाइकांना सांगितलं, त्यांचा विश्वास बसला नाही.

उद्देवालाच्या खलाशीघराच्या नोंदींत व्याह्यांना नंबर मिळाला आणि नंबरापाठोपाठ खापरपणजोबांची सारी कारकीर्द उलगडली. प्रथम पोऱ्या, मग कनिष्ठ खलाशी. त्यानंतर माणूस खलाशी होतो, पुढे मेट होतो, परीक्षा देऊन कप्तान होतो. व्याहीबुवा श्वास रोखून एकेक ओळ खाली येत होते. खापरपणजोबा कनिष्ठ खलाशानंतर झाले आचारी. आणि पुढे आचारीच राहिले.

घरात शोककळा पसरली. व्याहीबुवांनी बटण कपाटातून काढून पुन्हा पुन्हा उलटंसुलटं करून पाहिलं. आचाऱ्याला पितळी बटण कशाला, याचं उत्तर त्यावर कोरलेलं नव्हतं. विहीणबाईंना मात्र मनापासून आनंद झाला. "म्हणजे या घराण्यातल्या एका तरी पुरुषाला स्वयंपाक येत होता," असं त्या जावयाकडे बघत म्हणाल्या. शिडाच्या जहाजावरचा आचारी म्हणजे खारवलेलं मांस, वाळलेले वाटाणे आणि दगडासारखी बिस्किटं यांतून महिनोन्महिने दोन वेळ काहीतरी उभं करणारा माणूस, आणि डेक हलत असताना. कप्तान चुकला तर जहाज बुडतं, आचारी चुकला तर रोज बुडतं. मी हे व्याह्यांना सांत्वन म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

मग त्यांनी दुसरं सांत्वन स्वतःच शोधलं. आमच्या मुलीमुळे भारताशी नातं जुळलंय, तर खापरपणजोबा भारतात येऊन गेले असतील का? कल्पना रम्य होती. स्वीडनची ईस्ट इंडिया कंपनी होतीच, १७३१ साली स्थापन झालेली, ठाणं गोथेनबर्गलाच. तिची बहुतेक जहाजं चहासाठी चीनला, कँटनला जात. त्यातलं एक १७४५ साली चीनहून सुखरूप परतलं आणि गोथेनबर्गच्या तोंडाशी, घरची माणसं बघत असताना, खडकावर आपटून बुडालं. पण १७५० साली निघालेलं 'योता लेयोन' चीनच्या आधी सुरतेला गेलं होतं. तेव्हा कोकण किनाऱ्यावर तुळाजी आंग्र्यांचा दरारा होता. विजयदुर्ग पडायला अजून सहा वर्षं होती. त्या जहाजावरचा पाद्री ऊलोफ टोरेन हा लिनिअसचा शिष्य. त्याने गुरूला प्रवासाची पत्रं लिहिली आणि परतल्यावर १७५३ साली तो वारला, बोहूसलेनमध्येच. आपल्याकडे नर्सरीत कुंड्यांतून टोरेनिया नावाचं जांभळं फूल मिळतं, ते याच्या नावाने. व्याहीबुवा उजळले. पाद्री बोहूसलेनचा, खापरपणजोबा बोहूसलेनचे, जहाज सुरतेला! फक्त एक अडचण होती. कंपनी १८१३ साली संपली आणि खापरपणजोबा जन्मले १८३६ साली. तेवीस वर्षांचं अंतर मी फार काळजीपूर्वक त्यांच्या लक्षात आणून दिलं. तरी आमच्या गॅलरीतल्या टोरेनियाचा फोटो त्यांनी मागवून घेतलाच.

डेन्मार्कच्या जकातीच्या वह्याही त्यांनी चाळल्या. बाल्टिकच्या तोंडाशी हेलसिंगॉरला डॅनिश राजा शतकानुशतकं येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांकडून जकात उकळत होता, १८५७ पर्यंत. क्रोनबोर्गच्या किल्ल्यावर तोफा रोखलेल्या, त्यामुळे थांबण्यावाचून गत्यंतर नसे. अठरा लाखांच्या आसपास जहाजांच्या खेपा त्या वह्यांत आहेत आणि त्या आता संगणकावर शोधता येतात. पण जकात भरतो तो कप्तान, म्हणून नाव कप्तानाचं. आचाऱ्याचं नाव जकातदाराने का लिहावं?

आता कथेचा गाभा. १८६७ च्या शरद ऋतूत खापरपणजोबा गोथेनबर्गला 'हॉपेट' नावाच्या जहाजावर चढले. 'हॉपेट' म्हणजे आशा, आणि या आशेने त्या काळच्या स्वीडिश जहाजमालकांना इतकं पछाडलं होतं की कुठली आशा कुठल्या बंदरातली हे कळायलाच व्याह्यांना एक हिवाळा लागला. जहाज न्यूयॉर्कला पोहोचलं. आणि खलाशीघराच्या नोंदीत शेवटचा शेरा आला : न्यूयॉर्क इथे पळाला.

बुडाला नाही. केप हॉर्न नाही. सुकाणू नाही. पळाला.

हा शेरा त्या वह्यांत इतका सर्रास आहे की पानभर वाचलं तर वाटावं, स्वीडिश जहाजं माल पोहोचवायला नव्हे, माणसं सोडायला जात होती. अमेरिकन जहाजांवर पगार जास्त. बंदरात खानावळवाले दलाल टपलेले. ते खलाशाला उतरवून घेत, पाजत, उधारी चढवत आणि दुसऱ्या जहाजाला विकल्यासारखं चढवून देत. पळालेल्याचा थकलेला पगार बुडत असे, त्यामुळे एखाद्या कप्तानाला त्याचं फारसं दुःखही होत नसे. पुढच्या काही दशकांत बारा लाखांवर स्वीडिश माणसं अमेरिकेला गेली, गोथेनबर्गहून इंग्लंडातल्या हलला बोट, तिथून आगगाडीने लिव्हरपूल, तिथून पुन्हा बोट, अशी रीतसर तिकीट काढून. १८६९ पासून पोलीस त्यांच्या याद्याही ठेवत. खापरपणजोबा दोनच वर्षं आधी, बिनतिकिटाचे आणि बिनयादीचे पोहोचले. व्याह्यांनी त्यांच्या तक्त्यात या प्रसंगापुढे 'आर्थिक कारणासाठी स्थलांतर' असं लिहिलं. लिहिताना मान वर केली नाही.

पळालेला खलाशी पुन्हा जहाजावरच जातो, दुसरं येतं काय त्याला? तेव्हा ब्रिटिश जहाजं सर्वांत जास्त, म्हणून शोध ब्रिटिश कागदांत. इथे व्याह्यांच्या सात्त्विक वृत्तीची खरी परीक्षा झाली. ब्रिटिशांनी १८५७ साली खलाशांची मध्यवर्ती नोंद ठेवणं बंद करून टाकलं होतं. उरल्या प्रत्येक जहाजाच्या नोकरनाम्याच्या याद्या, लाखोंनी. त्या ठेवायला जागा नाही म्हणून विसाव्या शतकात त्यांची वाटणी झाली. दहा टक्के लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. शेवटी ५ आकडा असलेल्या वर्षांच्या उरलेल्या याद्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात. आणि १८६३ नंतरच्या बहुतेक बाकीच्या, सुमारे सत्तर टक्के, अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठात. म्हणजे खापरपणजोबांनी १८७५ साली नोकरी धरली असेल तर ग्रिनिच, १८७६ साली धरली असेल तर कॅनडा. पूर्वजाने नोकरी धरताना वंशजाचा थोडा विचार करायला हरकत नव्हती.

आणि या याद्या लावलेल्या आहेत जहाजाच्या सरकारी क्रमांकाने. माणूस शोधायचा तर जहाज माहीत पाहिजे. जहाज शोधायचं तर माणूस कुठे होता ते माहीत पाहिजे. दोन्ही माहीत असतील तर शोधायचं कशाला, असा प्रश्न मी एकदाच विचारला.

तरी व्याह्यांनी १८७५ घेतलं आणि त्यांना खापरपणजोबा सापडले. एक नव्हे, ओळीने सापडतच गेले. कारकुनाने आंदेर्सनचा एक एस खाल्लेला, पहिलं नाव इंग्रजी केलेलं, वय खलाशाने सांगेल ते, आणि जन्मगाव 'स्वीडन'. अख्खा देश. कधी 'नॉर्वे', कारण १९०५ पर्यंत दोन्ही देशांचा राजा एक होता आणि १८४४ पासून दोघांच्या निशाणाच्या कोपऱ्यात इतके रंग कोंबले होते की लोक त्या चौकटीला हेरिंगची कोशिंबीर म्हणत. लिव्हरपूलच्या कारकुनाने किती डोकं लावावं? ऑलंड बेटांवरचा अस्सल स्वीडिश बोलणारा गडी तर १८०९ नंतर रशियाच्या झारची प्रजा होता. याच ब्रिटिश कागदांत रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे आचारी-वाढपीही भेटतात, मुंबईहून मोठ्या आगबोटींवर चढलेले. त्यांची नावं कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहून ठेवली आहेत. आंदेर्सनचं निदान एका एसवर निभावलं.

इकडे गावच्या पाद्र्याची अडचण निराळी होती. माणूस मेल्याचा कागद नाही, गाव सोडल्याचा दाखला नाही, मग त्याला ठेवायचं कुठे? कित्येक वर्षं ते वहीच्या शेवटच्या पानांवर, पत्ता नसलेल्यांत, पुढच्या वहीत ढकलले गेले. १८९५ पासून नवी पद्धत आली तेव्हा अशांसाठी खास वेगळी वही निघाली : अस्तित्वात नसलेल्यांची वही. खापरपणजोबांना तिथे कायमची जागा मिळाली. माणूस अस्तित्वात नाही याची नोंद, जन्मतारखेसह, सुवाच्य अक्षरात.

एका रविवारी व्याही आम्हाला गोथेनबर्गच्या सागरी संग्रहालयाजवळचा मनोरा दाखवायला घेऊन गेले. १९३३ साली उभारलेला, पहिल्या महायुद्धात बुडालेल्या व्यापारी खलाशांच्या स्मरणार्थ. वर टोकाला एक स्त्री, वाऱ्यात उभी. व्याहीबुवा भारावून बघत होते. विहीणबाई म्हणाल्या, "बारा महिने अशी उभी राहिली असती तर गायीची धार कुणी काढली असती?"

आणि मग त्या जे बोलल्या त्याने सगळा शोध फिरला. इतकी वर्षं हा माणूस त्या आचाऱ्याच्या मागे तीन देशांच्या दफ्तरांतून फिरतोय; त्याच्या बायकोबद्दल एक ओळ तरी लिहिलीय का? ती सापडायला तर काहीच कष्ट नव्हते. तेच घर, तीच वही, दर वर्षी हजर. नवरा परदेशी असताना बंदरावर जाऊन त्याच्या पगारातला हिस्सा उचलणारी, तो पळाल्यावर तेही बंद झालेली, विधवा नाही म्हणून खलाशीघराची मदतही न मिळालेली. विहीणबाई निवृत्त हिशेबतपासनीस आहेत. त्यांनी सांगितलं, बाईचं पान मी बघते.

त्यांनी काही विशेष केलं नाही. दोन याद्या शेजारी ठेवल्या. डावीकडे खलाशीघराच्या नोंदी, आचारी कधी चढला, कधी उतरला. उजवीकडे पाद्र्याच्या वहीतली बारशी. पहिली मुलगी : जहाज नोव्हेंबरात परत, बारसं ऑगस्टमध्ये. जमलं. दुसरा मुलगा : जहाज ऑक्टोबरअखेर परत, बारसं जुलैअखेर. जमलं. दोन सरकारी दफ्तरं एकमेकांना न विचारता इतकी चोख जुळलेली मी तरी पाहिली नव्हती. व्याहीबुवा खूश होऊन म्हणाले, बघा, माणूस घरी येत होता, कुटुंबवत्सल होता.

तिसरा मुलगा जन्मला मे १८६७ मध्ये. हेच व्याह्यांचे पणजोबा. आचारी एप्रिल १८६६ मध्ये लोखंड घेऊन रिओला गेला होता आणि कॉफी घेऊन परतला जून १८६७ मध्ये.

टेबलावर शांतता झाली. व्याह्यांनी बोटं मोजली. मग दुसऱ्या हाताची मोजली. "आमच्याकडे गांधारीने दोन वर्षं गर्भ वाहिल्याची नोंद आहे," मी सांगून पाहिलं. जावई म्हणाला, मधेच एखाद्या जहाजाने येऊन गेला असेल. विहीणबाईंनी रिओच्या खेपेची हजेरी पुढे सरकवली. पगार अखंड लागलेला, एक दिवस कापलेला नाही.

म्हणजे आचारी जूनमध्ये घरी आला. पाळणा हलत होता. तोही बोटं मोजू शकत होता. प्रश्नोत्तरांत जेमतेम असला तरी अंकगणिताची परीक्षा पाद्र्याने कधी घेतली नव्हती. शरद ऋतूत तो 'हॉपेट'वर चढला आणि न्यूयॉर्कला उतरला तो उतरलाच. तक्त्यातलं 'आर्थिक कारणासाठी' व्याह्यांनी खोडलं आणि ती जागा कोरी ठेवली.

दारावरच्या पाटीचं काय करायचं हा प्रश्न होताच. कायद्याने पोर आचाऱ्याचंच, पाद्र्याने तसंच लिहिलेलं, तेव्हा आडनावाला धक्का नाही असा निर्वाळा जावयाने दिला. डीएनए तपासणीची नळी व्याह्यांनी मागेच हौसेने मागवली होती. ती खणात बटणाशेजारी जाऊन पडली आणि खणाला कुलूप लागलं. पण छंद तो छंद. चार दिवसांनी रात्री दोनला पुन्हा दिवा दिसला. १८६६ च्या उन्हाळ्यात ऊरुस्तवर कोण कोण पुरुष जमिनीवर होते, याची यादी करायला त्यांनी घेतली होती. बेट समुद्रावर पोट भरणाऱ्यांचं, यादी मोठी होईना. काही म्हातारे, एक लंगडा शिंपी, एक दुकानदार.

विहीणबाईंनी यादी वाचली, काही बोलल्या नाहीत. १८६६ साली सुरू झालेली नवी वही उघडली. वहीचं अक्षर नवं होतं. गावात नवा तरुण पाद्री आला होता. त्यांनी खापरपणजीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते सावकाश वाचनाच्या रकान्यापर्यंत नेलं. आधीच्या वहीत बाई साधारण होत्या. या वहीत पैकीच्या पैकी.